वर्षातून एकदा चालणारी ओळ

मामाला आंबील प्यायची परवानगी वर्षातून एकदाच होती, आणि तीही अर्धा पेला. दोन्ही किडन्या गेल्यापासून त्याला पाणी मोजून मिळायचं. पालेभाजी उकळून तिचं पाणी ओतून द्यायचं, हरभरा-वाटाणा बंद, ताक बंद. आणि येळवसेला आमच्याकडं नेमकं हेच सगळं असतं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर जिल्ह्यातली माणसं घराला कुलूप घालून रानात जातात, कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच दगडांना चुना लावून पूजा करतात आणि मग दिवसभर भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली आंबील. भज्जी म्हणजे पुण्याची कांदाभजी समजू नका. रानात जे जे हिरवं असेल ते सगळं एका भांड्यात शिजवलेलं, म्हणजे डायलिसिसच्या माणसाला जे जे वर्ज्य ते एकूण एक.

मामा आईचा धाकटा भाऊ, माझ्याहून चौदाच वर्षांनी मोठा, त्यामुळं मी त्याला अरे-तुरेच करते. त्याचं शेत निलंग्याकडं. मंगळवारी आणि शुक्रवारी एसटीनं लातूरला येऊन तो चार तास मशीनवर पडायचा. येळवसेला ते सेंटर बंद असायचं, कारण टेक्निशियन, सिस्टर, झाडणाऱ्या मावशी, सगळ्यांचंच कुठं ना कुठं रान होतं. मग येळवस ज्या वारी येईल त्या वारचे सगळे पेशंट आदल्या दिवशीच उरकून घ्यायचे, पहाटेपर्यंत मशीनं चालली तरी चालेल. आदल्या दिवशी रक्त धुऊन निघालेलं असलं की दुसऱ्या दिवशी घासभर भज्जी आणि अर्धा पेला आंबील खपून जाते, असं डॉक्टरांनी एकदा नाइलाजानं कबूल केलं होतं. बाकी वर्षभर मामा त्या अर्ध्या पेल्याच्याच गोष्टी करायचा.

हे सगळं मला माहीत होतं. आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते माहिती नसल्यामुळं झालं असं म्हणायची मला सोय नाही.

मी नांदेडला आईजवळ राहते आणि घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. कंपनीचं डायलिसिस सेंटरांसाठी एक ॲप आहे. कुणाचा नंबर कोणत्या वारी, कोणत्या मशीनवर, माणूस आला का, डायलिसिस झालं का, हे सगळं त्यात राहतं. लातूरचं सेंटर तेच वापरायचं. मला कामावर घेताना पुण्याचे साहेब म्हणाले होते की मराठवाड्यातली सेंटरं वाढताहेत, तिकडची माणसं कशी वागतात हे ठाऊक असलेलं कुणीतरी आमच्यात हवं. तेव्हा मी महिनाभर हवेत होते.

काम समजायला अवघड नाही. ॲपमध्ये प्रत्येक नंबराची एक स्थिती असते: ठरला, आला, मशीनवर, झाला, गैरहजर, मोकळा. ही स्थिती बदलणाऱ्या ओळी कोडमध्ये जागोजागी पसरलेल्या असतात. एक साधन कोड न चालवता नुसता वाचून काढतं आणि कुठं कुठं ही स्थिती बदलू शकते त्या सगळ्या जागा सांगतं. ती झाली पहिली यादी. दुसरीकडं, चालत्या ॲपमध्ये आम्ही टिपणं पेरून ठेवलेली असतात. सेंटरमध्ये कुणी बटन दाबलं आणि स्थिती बदलली की ती कुठल्या ओळीनं बदलली हे टिपण लिहून ठेवतं. ती दुसरी यादी. माझं काम दोन्ही याद्या शेजारी ठेवून, पहिलीत असून दुसरीत नसलेली जागा हुडकायची आणि ती का नाही ते सांगायचं.

आईला मी हे लग्नाच्या आवतणावरून समजावलं होतं. एक यादी आवतण दिलेल्यांची, एक पंगतीत बसलेल्यांची. आवतण आहे पण पंगतीत दिसला नाही, तर एक तर तो माणूस कधीच मेलाय आणि जुन्या यादीवरून त्याचं नाव चुकून उतरलंय, नाहीतर तो मागल्या दारानं येऊन जेवून गेला आणि वाढप्याला दिसला नाही. आई म्हणाली, "मग तू काय करतीस? मेलाय का जेवलाय ते बघतीस?" मी म्हटलं, हाव, तेवढंच. वहीत मी ही दोनच कारणं लिहून ठेवली होती.

त्या साली आषाढापासून भाद्रपदापर्यंत आम्ही लातूरच्या सेंटरमध्ये टिपणं चालू ठेवली. वाचलेल्या यादीत एकेचाळीस जागा होत्या, टिपणांत छत्तीस आल्या. राहिल्या पाच. त्यातल्या तीन मागल्या दारानं जेवणाऱ्या निघाल्या. सिस्टर एका जुन्या कॉम्प्युटरवरून नोंद करायच्या आणि तिथल्या पानावर आमचं टिपणच नव्हतं. मी ते बसवलं आणि तिन्ही जागा दुसऱ्याच दिवशी यादीत आल्या. चौथी खरोखरच मेलेली होती, कधीकाळच्या फॅक्सशी संबंधित. साहेब खूश झाले. आता पाचवी राहिली, तेवढी मिटली की शंभर टक्के, म्हणाले.

पाचवी ओळ पूर्ण दिवसाची यादी एका दिवसानं मागं घेणारी होती. त्या वारचे सगळे नंबर उचलून आदल्या दिवशी ठेवायचे. कुणी लिहिली, कशासाठी लिहिली, याची टीप शेजारी नव्हती. तीन महिन्यांत ती एकदाही चालली नव्हती.

मी लातूरच्या टेक्निशियनला फोन लावला. माणूस ओळखीचा, मामाला सुई तोच टोचायचा. मी विचारलं, "दादा, पूर्ण दिवस मागं घ्यायचं बटन आहे ना, ते गेल्या तीन महिन्यांत वापरलं का?"

"न्हाई ताई," तो म्हणाला. मागं मशीनचा भोंगा वाजत होता. "तीन म्हैन्यात तर न्हाई. का वो?"

"काही नाही, सहज."

त्यानं खोटं काहीच सांगितलं नाही. मी तीन महिन्यांचं विचारलं, त्यानं तीन महिन्यांचं सांगितलं. तीन महिने का, तर माझी टिपणं तेवढीच जुनी होती म्हणून. टिपणांच्या बाहेरही लातुरात माणसं जगत असतात हे त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. बाहेर भाद्रपदाचा पाऊस रपरपत होता आणि माझ्या मनात येळवस नव्हती. जन्मापासून एक येळवस चुकवली नाही अशी मी बाई, आणि तिकडची माणसं कशी वागतात हे ठाऊक असल्याबद्दल पगार घेणारी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

ओळीपुढं मी शेरा मारला: मृत, काढून टाकावी. आमच्या कामात आकडा शंभर करायचे दोनच रस्ते असतात, टिपण वाढवा नाहीतर कोड काढा. दुसरा सोपा असतो. ओळ गेली, बटन गेलं, अहवालाचा शेवटचा लाल चौकोन हिरवा झाला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मी आईला पेढे आणायला लावले.

नवीन ॲप लातूरला पोचलं ते येळवसेच्या आठवडाभर आधी. ती येळवस नेमकी शुक्रवारी आली, मामाच्या वारी. मी आईला घेऊन दोन दिवस आधीच निलंग्याकडं गेले. गुरुवारी मामा लातूरला जाऊन डायलिसिस करून आला, चेहरा उतरलेला पण डोळे हसरे. बटनाबद्दल तो काही बोलला नाही. ते गेलंय हे त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. टेक्निशियननं बटन हुडकलं, सापडलं नाही, मग त्यानं वहीच्या पानावर नावं लिहून एकेकाला फोन करून बोलावून घेतलं होतं. अडलं म्हणून थांबायची पद्धत आमच्याकडं नाहीच.

शुक्रवारी आम्ही सगळे रानात. मामाच्या रानात मोबाइलला रेंज नाही, आणि त्या दिवशी कुणाला ती नको असते. मामानं अर्धा पेला आंबील घेतली, ती तो घोट घोट करत तासभर पुरवून पीत बसला. मला म्हणाला, "वरीसभर हे येवढंच आठवून दिस काढायलोय बाई." आई त्याच्याकडं बघून दुसरीकडं वळली. तिला रडू आवरत नव्हतं, पण ते आनंदाचंच होतं.

त्याच वेळी लातूरच्या कुलूपबंद सेंटरमध्ये आमचं ॲप आपलं काम चोख करत होतं. वहीतलं पान त्याला दिसत नव्हतं. त्याच्या हिशोबानं शुक्रवारचा एकही पेशंट आलेला नव्हता. संध्याकाळी त्यानं सगळ्यांची स्थिती गैरहजर केली. एका महिन्यात दोनदा गैरहजर राहिलेल्याचा नंबर मोकळा करून वाट बघणाऱ्या यादीतल्या पहिल्याला द्यायचा, असा एक नियम त्यात होता. नियम चांगला होता, कितीतरी माणसं त्या यादीत महिनोन्‌महिने झुरत असतात. बाकीच्यांची ती पहिली गैरहजेरी होती. मामा मात्र महिन्याच्या सुरुवातीला ताप भरून एक दिवस पडून होता. त्याची ही दुसरी झाली.

मंगळवारी सकाळी मी नांदेडात परत आलेली होते. मामाचा फोन आला. "बाई, माझ्या खाटेवर एक बाई हाय. तिच्या मोबाइलवर मेसेज आलाय म्हनं. टेक्निशियन म्हनतो ॲपमधी माझं नावच न्हाई."

मी टिपणं उघडली. माझीच टिपणं, मीच पेरलेली. ठरला, गैरहजर, मोकळा, आणि मग दुसऱ्या नावापुढं ठरला. एकूण एक पायरी नोंदलेली, एकूण एक ओळ हिरवी. कुठं म्हणून काही मोडलं नव्हतं. एवढं नीट काम केलेलं ॲप मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी टेक्निशियननं मध्येच एक मशीन रिकामं करून मामाला दोन तास लावलं. नंतर मी साहेबांना फोन केला. ते वाईट वागले नाहीत. म्हणाले, बटन पुढच्या आवृत्तीत परत घालू, पण दिलेला नंबर आपण आतून बदलायचा नसतो, तो सेंटरचा अधिकार. सेंटरच्या डॉक्टरांना भेटायला मी लातूरला गेले. ते म्हणाले, ती उदगीरकडची बाई, पाच महिने वाट बघत होती, आता तिचा नंबर काढून मी तिला काय सांगू? दोघांचंही खरं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. बाहेर ती बाई नवऱ्याबरोबर बाकड्यावर बसली होती, हातात औषधांची पिशवी. बोली कानडीच्या वळणाची. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. मला बघून ती जरा सरकली आणि मला बसायला जागा केली. मी बसले.

मामाला मी म्हटलं, वाट बघू, कुठलातरी नंबर रिकामा होईल.

"डायलिसिसचा नंबर रिकामा कवा होतो, ठाव हाय का तुला?" मामा म्हणाला. "कुनी मेलं तर. न्हाई तर कुनाला किडनी भेटली तर. किडनी कुनाला भेटायलीय हितं? मग मी कुनाच्या मरायची वाट बघत बसू?"

नांदेडला एका ठिकाणी जागा मिळाली, बुधवार आणि शनिवार. तिथं आमचं ॲप नाही, जाडजूड वही आहे. निलंग्याकडून नांदेडला आठवड्यातून दोनदा येणं-जाणं त्या प्रकृतीला झेपणारं नव्हतं, म्हणून मामा आमच्याकडंच राहायला आला. भावानं बहिणीच्या घरी राहून खायचं याची त्याला एवढी लाज, की आला तेव्हा ज्वारीचं पोतं आणि तुरीची डाळ घेऊन आला आणि दर दोन महिन्यांनी गावाकडून अजून मागवतो. शेत बटईनं दिलं. सकाळी उठून तो आमच्या गॅलरीतल्या चार कुंड्यांना पाणी घालतो, स्वतः पितो त्याच्यापेक्षा जास्त. कुंड्यांत नुसती कोरफड आणि तुळस आहे. मला तिकडं बघवत नाही.

एके दिवशी दुपारी मी त्याला सगळं सांगितलं. बटन मी काढलं, टेक्निशियनदादाला मी असं असं विचारलं, पेढे वाटले तेसुद्धा सांगितलं. मला वाटत होतं त्यानं एकदा तरी माझ्यावर ओरडावं.

मामानं माझ्याकडं वळून पाहिलं. मग म्हणाला, "येळवसेचं बटन?"

"हाव."

"आरं, ते तर मीच मागून घेतलं होतं की." त्याच्या तोंडावर चक्क कौतुक होतं. "ॲप नवंनवं आलं तवा पुण्याहून एक इंजिनियर आलते शिकवायला. मी मशीनवर पडलेला. म्हनलं साहेब, येळवसेला काय करनार तुमचं हे? त्यास्नी येळवसच ठाव न्हाई. मग म्हनलं चला रानात, दावतो. आले. भज्जी खाऊन कोपीतच झोपी गेले. उठल्यावर म्हनले, मामा, तुमच्यासाठी बटन करून देतो." तो थोडा हसला. "तुमच्या हापिसात हे कुनी लिवून ठिवलं न्हाई?"

नव्हतं लिहिलेलं. त्या ओळीशेजारी एक शब्द नव्हता. मी तिचा माग पार पहिल्या आवृत्तीपर्यंत काढला होता, आणि ज्यानं ती मागितली तो माणूस मला लहानपणी खांद्यावर बसवून त्याच रानात नेत होता. त्याला मी विचारलं नाही. कुणाला विचारायला हवं हेच माझ्या यादीत नव्हतं. आणि आवतणाच्या उदाहरणात मी तिसरं कारण विसरले होते, की पंगतीत न दिसलेला माणूस मेलेला नसेल आणि जेवलेलाही नसेल, त्याला फक्त यायला अवकाश असेल.

बटन परत घातलंय. या वेळी मी शेजारी टीप लिहिली: मार्गशीर्ष अमावस्येला लातूरला लागतं, काढू नये. दर महिन्याच्या अहवालात ती एक जागा लाल दिसते. साहेब दर वेळी विचारतात, मी दर वेळी सांगते की राहू द्या.

यंदाची येळवस शनिवारी आली. नांदेड शहरात त्या दिवशी दुकानं उघडी असतात, रिक्षा चालू असतात, आणि डायलिसिसला तर सुट्टी नसतेच. आदल्या दिवशी घ्याल का म्हणून मी आठ दिवस आधी विचारून पाहिलं होतं. सिस्टरनं वही उलटी करून दाखवली. शुक्रवारच्या पानावर बोट ठेवायला जागा नव्हती. लातूरच्या वाट बघणाऱ्या यादीत मामा अजून तिसरा आहे.

आईनं पहाटे उठून घरीच आंबील केली. डॉक्टर म्हणाले, मशीनवर असताना अर्धा पेला दिलात तर हरकत नाही, मशीन काढून घेईल. मी स्टीलचा झाकणाचा पेला घेऊन मामाच्या खाटेशेजारी बसले. मांडीवर लॅपटॉप होता. लातूरच्या टेक्निशियननं गुरुवारीच बटन दाबलं होतं आणि ती लाल जागा वर्षात पहिल्यांदा हिरवी झाली होती. तो आकडा मी परत परत बघत होते.

"चाललं का तुझं?" मामानं विचारलं.

"चाललं. अठरा जणांचे नंबर मागं गेले. कुणाची गैरहजेरी लागणार नाही."

"त्या उदगीरच्या बाईचा बी?"

"तिचा वार शुक्रवारच, तुझा होता तोच. कालच उरकला."

"मग ती आज रानात असंल," मामा म्हणाला. नळीतून त्याचं रक्त फिरत होतं, तिकडं बघत तो पडून राहिला.

मी झाकण काढून पेला पुढं केला. मामानं तो एका हातानं घेतला, नाकाजवळ नेला, वास घेतला. मग तसाच माझ्या हातात परत दिला.

"आंबील रानात पितेत, बाई," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटून घेतले. मी पेल्याला झाकण लावलं. मशीनचे अजून अडीच तास बाकी होते.